शिवम्माच्या दुकानाची पायरी

आमच्या मंडळाच्या यंदाच्या स्मरणिकेत शिवम्मावर दहा-बारा ओळी छापून आल्या आहेत. त्यात तिला 'सेवाभावी' म्हटले आहे आणि 'निःस्वार्थी'ही म्हटले आहे. शिवम्माला वाचता येत नाही, हे छापणाऱ्यांचे नशीब. निःस्वार्थी म्हणजे काय हे कोणी तिला समजावून सांगितले असते, तर तिने त्यांना भर बोळात उभे करून जाब विचारला असता.

मी तिला चांगली ओळखते. ती भांडखोर आहे, हिशेबी आहे, समोरच्याचे वाक्य पुरे होऊ देत नाही आणि गिऱ्हाइकाचा हात बांगडीत अर्धा अडकला की भाव सांगते. तिच्याकडून काही शिकायचे असेल तर ती आहे तशी पाहूनच शिकावे लागेल. म्हणून हे लिहायला घेतले.

मंगळवार बाजाराच्या मागच्या बोळात तिचे बांगड्यांचे दुकान आहे. माहेर अक्कलकोटकडचे. घरात कानडी बोलते, दुकानात मराठी आणि भांडताना दोन्ही. नवरा संगप्पा पूर्वी खांद्यावर बांगड्यांचे ओझे घेऊन गावोगाव फिरत असे. पुढे दम्याने त्याला घरी बसवले. तेव्हापासून दुकान शिवम्माच चालवते आणि संगप्पा घरात बसून बांगड्या दोरीत ओवून बांधतो.

आता आमच्या मंडळाविषयी. १९७४ सालच्या जानेवारीत पुण्याहून एक विदुषी व्याख्यानाला आल्या होत्या. समाजाचे काम धंद्याच्या शिस्तीने कसे करावे, असा विषय होता. त्यांनी पडद्यावर चित्रे दाखवली. कुठे बायकांनी दुधाची संस्था काढली होती, कुठे हातकागदाचा कारखाना. "उदाहरणे पाहा, उदाहरणांतून शिका," असे त्या पुनःपुन्हा सांगत होत्या. आमच्या अध्यक्ष दाक्षायणीबाई, म्हणजे सुताच्या मोठ्या व्यापाऱ्याच्या पत्नी, पुढच्या खुर्चीवर बसून प्रत्येक चित्राला मान डोलावत होत्या. चित्र उलटे लागले तेव्हाही त्यांनी मान डोलावली.

त्यातून निघालेली कल्पना मात्र खरोखर चांगली होती, हे मी कबूल करते. बाजाराला खेड्यांतून शेकडो बायका येतात. पहाटेच्या एस. टी.ने यायचे, दिवस मावळताना परत जायचे आणि मधल्या वेळात त्यांना जायला जागा कुठेच नाही. मंडळाने त्यांच्यासाठी स्वच्छतागृह बांधावे आणि पाच पैसे घेऊन ते त्याच्याच उत्पन्नावर चालवावे, असे ठरले. मी चिटणीस होते. वर्गणी जमली, परवानगी मिळाली, बांधकामही झाले.

ते बांधले कुठे, तर बाजाराच्या तोंडाशी, चहाच्या हॉटेलासमोर, टांगे उभे राहतात तिथे. निळे दार केले. दारावर हातभर अक्षरांत 'स्त्रियांसाठी' असे लिहिले. शेजारी देणगीदारांच्या नावांची संगमरवरी पाटी बसवली. दिवसभर बाई कोण बसवणार, म्हणून किल्ली शेजारच्या पानवाल्याकडे ठेवली. पाच पैसे पानवाल्याला द्यायचे, किल्ली मागून घ्यायची आणि टांगेवाले, चहावाले, पानवाले या सर्वांच्या समोर निळे दार उघडायचे. फीत कापताना दाक्षायणीबाई म्हणाल्या, "आता बघा कशी रांग लागते ती."

एकही बाई आली नाही. पावसाळ्यापर्यंत पानवाल्याने आत सोड्याच्या बाटल्यांचे खोके ठेवायला सुरुवात केली होती.

सभेत मी विषय काढला. दाक्षायणीबाई म्हणाल्या, "बायकांना सवयच नाही हो. शिकवायला पाहिजे. पुण्याच्या बाईंना परत बोलावू या."

"पानवाल्याकडे किल्ली कोण मागणार?" मी विचारले.

"का? सभ्य माणूस आहे. आमच्या ह्यांच्या चांगल्या ओळखीचा आहे."

"तुम्ही मागाल?"

"मला कशाला मागावी लागेल? माझं घर आहे की जवळ."

मी इतिवृत्तात 'चर्चा झाली' असे लिहिले.

पुढच्या मंगळवारी मी छत्री घेऊन स्वतः बाजारात गेले. या शेकडो बायका जातात तरी कुठे, ते मला पाहायचे होते. थोड्या वेळात ध्यानात आले की भाजीवाल्या, मिरचीवाल्या, खरेदीला आलेल्या, सगळ्या एकेकट्या मागच्या बोळात वळत होत्या. बोळात बांगड्यांची दुकाने चार, पण पाय एकाच दुकानाकडे. समोरच्या कट्ट्यावर त्यांचे नवरे विड्या ओढत बसले होते. बांगड्या भरायला किती वेळ लागतो हे कोणत्याच पुरुषाला ठाऊक नसते आणि कोणी विचारतही नाही. बाई आत जायची, बऱ्याच वेळाने बाहेर यायची आणि हातात जुन्याच बांगड्या.

मी पायरीखाली उभी राहिले. नवरा गेलेल्या बाईने बांगड्यांच्या दुकानाची पायरी चढू नये, अशी रीत आहे. ती मी कोणाला शिकवलेली नाही आणि तोवर मोडायलाही गेले नव्हते.

"काय बगताय ओ वकीलीणबाई?" शिवम्मा आतून ओरडली. माझे यजमान वकील होते, हे आमच्या अख्ख्या शुक्रवार पेठेला आणि बाजारालाही माहीत आहे. "मुन्शिपाल्टीनं बोळ मोजायला लावलं काय तुमाला?"

"तुझ्याकडे एवढी गर्दी कशी?"

"बांगड्या घ्यायला येत्यात."

"आत्ता गेली तिच्या हातात नवी बांगडी नव्हती."

"मग बगायला आली आसंल. बगायचं पैसं घेत न्हाय मी." मग तिनेच आवाज उतरवला. "मागं परसू हाय. दोन खोल्या केल्यात, पान्याचा हौद हाय. पोराला पाजायचं आसलं तर झोळी टांगलीय. आलं का ध्यानात? आता वरडू नका बोळभर."

"आणि पैसे?"

"कशाचं पैसं? वरीसभर या-जा की. पन संक्रांतीला, पंचमीला आन दिवाळीला बांगड्या माज्याकडं भरायच्या. लगीन निघालं तर चुडा माज्याकडनं. दुसरीकडं भरल्या तर मला कळतंय. मी हात बगते."

आणि ती खरेच हात पाहायची. माझ्यासमोरच एका मिरचीवालीचे मनगट धरून तिने विचारले, "ह्या पिवळ्या कुटल्या गं?"

"मामीनं दिल्यात."

"मामीला म्हनावं, तिच्याच परसात जाते आता."

मिरचीवाली हसत आत पळाली. मला मात्र हसू आले नाही. आम्ही पुण्याहून व्याख्यान आणवले, दारोदार वर्गणी मागितली, निळे दार बसवले. तेच काम ही बाई आमच्या पाठीमागच्या बोळात चालवत होती, त्यावर धंदाही वाढवत होती आणि आमच्यापैकी कोणाला पत्ता नव्हता.

हे मी मंडळात सांगितले, ती चूकच झाली. दाक्षायणीबाईंना उत्साह आला. "हेच ते उदाहरण! अभ्यास करायला जाऊ." सात-आठ जणी इस्त्रीच्या साड्या नेसून बोळात शिरल्या. मी पायरीखाली उभी होते, पण ऐकू सगळे येत होते.

"शिवम्मा, आम्ही तुझ्या दुकानावर मंडळातर्फे बोर्ड लावणार. महिला सेवा केंद्र."

"लावा की. कट्ट्यावरच्या बाप्यांना वाचता येतंय का, तेवडं इचारून या आदी."

"म्हणजे?"

"बायका आत कशाला जात्यात ते बाप्यांना कळलं की हितं कोन येतंय ओ अक्का? तुमचं निळं दार झालं, आता माजं बी तेच करताय व्हय? ते ऱ्हाऊ द्या. हात आना हिकडं. हिरव्या लई शोबतील तुमाला."

अभ्यास तिथेच संपला. दाक्षायणीबाई दोन्ही हात भरून हिरव्या बांगड्या घालून बाहेर आल्या आणि उन्हात हात धरून मला दाखवू लागल्या. बाकीच्याही भरूनच आल्या. अहवालात मला लिहायला लावले, 'प्रत्यक्ष उदाहरणाचा अभ्यास करण्यात आला.' निळ्या दाराची किल्ली पानवाल्याकडेच राहिली.

इथवर माझी चिडचिड मंडळावर होती. शिवम्मावर चिडायची वेळ पुढच्या उन्हाळ्यात आली.

माझी एक मटकीवाली होती, म्हाळसाबाई. दक्षिणेकडच्या कोरड्या गावातली, धनगराच्या घरची. नवरा तरुणपणीच गेलेला. दर मंगळवारी मटकी आणि हुलग्याचे पोते घेऊन एस. टी.ने यायची. एप्रिलातल्या एका मंगळवारी मला मटकी मापून देता देता ती आडवी झाली. टांग्यात घालून मी तिला ओळखीच्या डॉक्टरीणबाईंकडे नेले. त्या म्हणाल्या, "ही दिवसभर पाणी पीत नाही. कित्येक वर्षं पीत नसणार. आतून सूज आलीय. असंच चाललं तर मूत्रपिंडं जातील."

मी बाहेर येऊन तिला रागावले. "एवढ्या उन्हात पाणी का पीत नाहीस?"

"पेलं की जावं लागतंय. जाऊ कुटं?"

"निळं दार आहे."

"ह्या वयात पानवाल्याकडं किल्ली मागू व्हय?"

"मग शिवम्माकडे जा. सगळ्या जातात."

तिने आधी स्वतःच्या मोकळ्या मनगटांकडे पाहिले, मग माझ्या. "तुमी जाता काय?"

मी हात पदराखाली घेतले.

"आमच्या गल्लीत बसनाऱ्या निम्म्या बायका मालक नसलेल्या हाईत," ती म्हणाली. "घरात बाप्या आसता तर आमी कशाला बाजारात बसलो आसतो? आता दिराला कळलं मी पडले, की म्हनंल बाजार बंद. माल तो आनंल, पैका त्याच्या खिशात. मग भाकरीसाटनं त्याच्या सुनंच्या तोंडाकडं बगत बसायचं मी."

मी तडक बोळात गेले आणि पायरीखालूनच शिवम्माला म्हणाले, "विधवांनाही आत येऊ दे."

तिने हातातले गिऱ्हाईक सोडले आणि पायरीवर आली. "खुळं लागलं काय तुमाला? सकाळी लग्नाचा चुडा भरायला येत्यात. नवरीच्या पुडं मोकळ्या हाताची बाई उबी ऱ्हायली तर मानसं म्हागारी जातील. दुकान बुडंल माजं."

"ती म्हातारी मरेल."

"रीत मी काडली काय?"

"नाही, पण चालवते आहेस."

"आन तुमी?" ती म्हणाली. "तुमी कुटं उब्या हाय बगा."

मी संतापून घरी आले. मागून दार काढता येईल का, तेही मी चौकशी करून पाहिले. परसाच्या मागे तेलाच्या घाण्याचे आवार होते आणि तिथे हमालांची वर्दळ. म्हणजे पुन्हा निळे दारच. मंडळात सांगितले तर दाक्षायणीबाई म्हणाल्या, "या विषयावर एक व्याख्यान ठेवू."

पावसाळ्यात एका दुपारी शिवम्मा माझ्या घरी आली. यापूर्वी कधी आली नव्हती. खुर्ची दिली तर बसली नाही.

"मालकांना दवाखान्यात ठिवलं हुतं. दमा लई वाढलाय."

"आता कसे आहेत?"

"घरी आनलंय. त्यांचं न्हाय सांगत, माजं सांगते. दवाखान्यात बाकावर बसून एकच डोक्यात. उद्या ह्यांचं बरंवाईट झालं तर माज्या हातनं बांगड्या कोन भरून घेनार? दुकान माजं, माल माजा, आन मीच पायरीखाली?"

"आत्ता कळलं का?" मी म्हणाले.

"व्हय, आत्ता कळलं. तुमाला कवा कळलं हुतं?" तिने श्वास घेतला. "गिऱ्हाइकाला सवय लावायला पायजे. मंगळवारी तुमी येऊन बसा."

"कुठे?"

"दुकानात. फण्या, सुया, दोरं, गंगावनं ठिवते एका अंगाला. ते इकायचं तुमी. मालक नसलेल्या बायका फणी घ्यायला येत्याल, मागं जाऊन येत्याल. बांगडीला हात लावू नका, म्हंजे कुनी वरडनार न्हाय. वकिलाच्या बायकूला ऊट म्हनायची कुनाची छाती हाय?"

"वकील जाऊन अकरा वर्षं झाली."

"रुबाब हाय की आजून."

"नवरा घरात जिवंत असताना तू हे असले हिशेब करतेस?"

"जित्ता हाय तवरच करायला पायजे ओ. मागनं केलं तर मानसं म्हनतील, हिला गरज पडली म्हनून केलं."

मी नाही म्हणाले. फण्या विकायला मी बसू? माझ्या मुलाला मुंबईत कळले तर? शिवम्मा म्हणाली, "बगा बाई," आणि चहाही न घेता निघून गेली.

त्याच आठवड्यात मंगळवारी मी मटकी आणायला गेले, तर पोत्यामागे पागोटेवाला एक माणूस बसला होता. म्हाळसाबाईचा दीर. "वैनी आता येनार न्हाईत," तो म्हणाला. "दोनदा चक्कर आली. बाईमानसाला झेपत न्हाय ते." माप काठाशी पुसून दिले आणि वर चिमूटभरही टाकले नाही.

"पुढच्या मंगळवारी तिला पाठवा," मी म्हणाले. "माझं काम आहे तिच्याकडे."

"मला सांगा की."

"तुम्हाला सांगण्यासारखं नाही. डॉक्टरीणबाईंनी बोलावलंय."

वकिलाच्या बायकोचा आवाज एवढा एकदा उपयोगी पडला.

पुढच्या मंगळवारी सकाळी मी शिवम्माच्या दुकानाची पायरी चढले. कट्ट्यावरच्या दोघा-तिघांनी विड्या तोंडातून काढल्या. शिवम्माने मला एक स्टूल दिले होते, त्याचा एक पाय आखूड होता. समोर फण्यांचे सूप. पहिल्याच तासाला एक आई उपवर मुलीला घेऊन आली, मला पाहिले आणि तशीच वळली.

"मागं फिरताय व्हय?" शिवम्मा तिच्या पाठीवर ओरडली. "तुमच्या थोरलीचा चुडा बी माज्याच हातचा हाय! चार पोरं झाली की तिला! कुटल्या दुकानात जाताय त्ये बगतेच मी!" मग माझ्याकडे वळून म्हणाली, "गेलं एक. तुमच्यापायी."

"तूच बोलावलंस मला!"

"म्हनून काय बोलायचं बी न्हाय?"

पण बाकीच्या आल्या. काहींनी मान वळवून बांगड्या भरल्या, काहींनी मला चक्क नमस्कार केला. एका विणकराच्या बायकोने फणीही घेतली. दुपारी म्हाळसाबाई आली. पोत्याजवळ दिराला बसवून आली होती. पायरीशी येऊन थांबली.

"वर ये," मी म्हणाले.

"न्हाय बाई. सवाष्णींचं दुकान हाय. हितनंच सांगा काम."

"काम आतच आहे."

"पाप लागंल."

"सकाळपासून मी या मोडक्या स्टुलावर तुझ्यासाठी बसले आहे," मी म्हणाले. माझा आवाज चढला, तो बोळभर गेला. "कंबर मोडली माझी. पाप लागायचं असेल तर मला लागून चुकलंय. ये वर!"

तिने इकडेतिकडे पाहिले. "फुकट न्हाय येनार मी. फणी दावा आदी."

"वर येऊन बघ."

"हितं आना."

"फण्या पायरीखाली जात न्हाईत," शिवम्मा मध्येच म्हणाली. "घ्यायची आसली तर वर या, न्हाय तर सरा बाजूला, वाट आडवू नगा."

घासाघिशीची वेळ आली की म्हाळसाबाई वेगळी बाई होते, हे मला मटकी घेताना माहीत झाले होते. ती तरातरा वर आली, सुपाशी उकिडवी बसली आणि एकेक फणी उजेडात धरून दात वाकवू लागली. ही ठिसूळ, ही जाड, हिला उवा हसतील. शिवम्मा हातांनी गिऱ्हाइकाला बांगड्या चढवत तोंडाने तिच्याशी भांडत होती. शेवटी एक लाकडी फणी ठरली. म्हाळसाबाईने ती कनवटीला खोचली, उठली आणि कोणाला काही न विचारता आत गेली.

बऱ्याच वेळाने बाहेर आली. "कडी ढिली हाय आतली," शिवम्माला म्हणाली. "दुरुस्त करा." मग दुकानातल्या माठातून तांब्या भरून तिने तिथेच उभ्याउभ्या तो घटाघटा रिकामा केला, आणखी अर्धा भरून घेतला आणि तोही प्याली. दीर पोत्याजवळून उठून तिला शोधत बोळाच्या तोंडाशी आला होता. तिने त्याला तिथूनच हात केला. "तुमी जावा आता! माप माजं मी करते!"

तो दिवस एवढ्यावर संपला असता तर मी समाधानाने घरी गेले असते. पण पुढच्या मंगळवारी म्हाळसाबाईने तिच्या गल्लीतल्या तिघी जणी सोबत आणल्या आणि चौघी सरळ आत निघाल्या.

"फणी?" शिवम्माने हात आडवा धरला.

म्हाळसाबाईने कनवटीची लाकडी फणी काढून दाखवली. "हाय की. घेतलीया मागल्या बारीला."

"ही तुमची झाली. ह्यांची?"

"चौघीत एक. ह्या म्हातारपनी क्यास तरी किती ऱ्हायल्यात?"

"अय्य यव्वा! चौघीत एक फणी! ऐकताय न्हवं, वकीलीणबाई? फण्यांचं काम तुमचं. बोला की आता!"

मी सुपातल्या फण्या मोजू लागले. तिघीजणी तोवर शिवम्माच्या हाताखालून वाकून आत गेल्या होत्या.